बिबट्या नेऊन सोडायचा कुठे?

बिबट्या दिसला की पिंजरा लावा, धरा आणि जंगलात नेऊन सोडा, ही मागणी जुन्नर-आंबेगाव-शिरूर पट्ट्यात ग्रामसभेत होते तशीच विधानसभेतही होते. पूर्वपक्ष असा: जंगली जनावराचं घर जंगल, तिथलं भक्ष्य संपलं म्हणून ते उसात आलं, परत पोचवलं की प्रश्न मिटला. १९७२च्या वन्यजीव कायद्याचा कलही तिकडेच. बिबट्याला पकडणं किंवा हलवणं शक्य नाही, अशी खात्री पटल्याशिवाय मुख्य वन्यजीव रक्षकाला त्याला मारण्याचा आदेश देता येत नाही. त्यामुळे ‘हलवा’ हा मार्ग शेतकरी, पुढारी आणि प्राणिप्रेमी अशा सगळ्यांच्याच सोयीचा ठरतो.

पण हा प्रयोग करून झालेला आहे, तोही जुन्नरलाच. २००१पासून तिथले २९ बिबटे शेतीभागातून धरून सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या सरकारी जंगलांत सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी या साऱ्या नोंदी तपासून २०११ साली निष्कर्ष मांडले. आधी वर्षाला सरासरी ४ माणसांवर हल्ले होत, ते १७वर गेले. त्यांतल्या जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्के झालं. बिबटेच वाढले असतील, असा आक्षेप घेता येईल. मग हल्ले सगळीकडे सारखे वाढायला हवे होते. ते झाले जिथे बिबटे सोडले त्या जागांच्या आसपास.

यात नवल नाही. ज्या जंगलात आपण त्याला सोडतो तिथे आधीचा बिबट्या असतोच, आणि नवखा तिथे टिकतोच असं नाही. २००९मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या माळशेज घाटात सोडला. गळ्यातल्या कॉलरमुळे कळलं की तो शंभराहून अधिक किलोमीटर चालत थेट मुंबईच्या वेशीवर पोचला. (त्याच्यावर पुढे सिनेमाही निघाला, धडा मात्र कुणी घेतला नाही.)

मुळात उसातला बिबट्या वाट चुकलेला पाहुणा नव्हेच. अकोले तालुक्याच्या शेतीभागात शंभर चौरस किलोमीटरमागे पाचेक बिबटे आढळले आणि त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा गावठी कुत्र्यांचा निघाला. माद्या फडातच वितात. तोडणीत बछडी सापडली की वनकर्मचारी ती क्रेटमध्ये घालून तिन्हीसांजेला त्याच बांधावर ठेवतात. अंधार पडला की मादी येते, क्रेट कलंडवते आणि एकेक पिल्लू मानेला धरून नेते. हिला घरी पाठवायचं म्हणजे कुठे? हिला उचललं तरी रिकाम्या हद्दीत दुसरा बिबट्या शिरतो, आणि त्याला वस्तीची सवय असेलच असं नाही.

याचा अर्थ माणसांनी सोसत राहावं असा नाही. माणूस मारल्याची खात्री पटलेला बिबट्या कायमचा पिंजऱ्यात जावा, नाहीतर त्याला गोळी घालावी. त्याला दुसऱ्या गावच्या रानात सोडणं हा त्या गावावर अन्याय आहे. बाकीचं काम मचाणावरचं नाही. बंदिस्त गोठे हवेत, उकिरड्यावरची कुत्री कमी व्हायला हवीत. आणि शेतीपंपाला दिवसा वीज हवी. रात्रीच्या पाळीची वीज आल्यावर दारं धरायला एकट्यानं उसात वाकणारा माणूसच बिबट्याला सापडतो. ही मागणी वन खात्याच्या दारात नव्हे, महावितरणच्या दारात करायला हवी.