लिहिता न येणाऱ्याची सही

आजचा विषय आपल्या अंगणातला नाही. तो आहे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या जुन्या कार्डांचा आणि त्यांच्यावरच्या सह्यांचा. सुरुवात मात्र अशा खेळाडूपासून करतो, ज्याला लिहिता-वाचताच येत नव्हते.

ज्यो जॅक्सन त्याचे नाव. दक्षिण कॅरोलिनातल्या कापडगिरणीत पोरवयातच कामाला लागला, त्यामुळे शाळा राहून गेली. पुढे फलंदाज असा झाला की कारकिर्दीतल्या सरासरीच्या यादीत त्याचे नाव आजही अगदी वर आहे. १९१९ ची वर्ल्ड सिरीज पैसे घेऊन हरल्याच्या प्रकरणात शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंवर कायमची बंदी आली, त्यांत हाही होता. १९५१ साली तो वारला. चाहत्यांची पत्रे यायची, सह्या मागितल्या जायच्या आणि त्या बहुतेक वेळा त्याची बायको केटी करून पाठवायची. तिने लिहून दिलेल्या नावावरून नक्कल करत तो स्वतः सही करी, पण क्वचितच. कायद्याच्या कागदावर वगैरे गरज पडली तर.

आता गंमत बघा. सही खरी की खोटी हे पाहणारा जाणकार सगळ्यात आधी वेग पाहतो. स्वतःचे नाव लिहिताना माणूस विचार करत नाही, हात आपोआप धावतो. रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते, शेवटी हवेत विरते. नक्कल करणारा नाव लिहीत नाही, तो चित्र काढतो. म्हणून रेघेत कंप येतो, मध्येच पेन उचलल्याच्या खुणा राहतात, सुरुवात आणि शेवट बोथट दिसतात. नियम चांगला आहे, शंभरात नव्वद वेळा चालावा असा. जॅक्सनच्या बाबतीत तो उलटा पडतो. त्याच्या नावाची सफाईदार, धावती सही केटीची असण्याचा संभव अधिक आणि अडखळत काढलेली त्याची स्वतःची. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला पलटणीत काही जुने जवान होते, ते पगाराच्या रजिस्टरवर जीभ दाताखाली धरून सही 'काढत'. कोणी त्या सह्या तज्ज्ञाकडे पाठवल्या असत्या, तर निम्मी पलटण बनावट ठरली असती!

आता कार्डांकडे वळू. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांतून खेळाडूंची छोटी रंगीत कार्डे दिली. संग्राहक त्यांना 'टी २०६' म्हणतात. हा क्रमांक जेफरसन बर्डिक या संग्राहकाच्या सूचीतला. त्याने जमवलेली तीस हजारांहून अधिक बेसबॉल कार्डे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत. १९१४-१५ मध्ये क्रॅकर जॅक या खाऊच्या खोक्यांतून कार्डे आली, त्यांत जॅक्सन आहे. १९३३ मध्ये गाउडी कंपनीने च्युइंगगमबरोबर दिलेल्या संचात बेब रूथची चार कार्डे आहेत.

ही कार्डे मुलांच्या खिशात असायची. सही घ्यायची तर लोक चेंडू, वही किंवा कागदाचा कपटा पुढे करीत. त्यामुळे जो खेळाडू लवकर गेला, त्याच्या सहीचे कार्ड दिसले की आधी शंका घ्यावी. क्रिस्टी मॅथ्यूसन १९२५ मध्ये गेला, लू गेहरिग १९४१ मध्ये. उलट टाय कॉब १९६१ पर्यंत जगला आणि टपालाने आलेल्या विनंत्यांना उत्तरे देत असे. पुष्कळदा हिरव्या शाईत!

शाईचा हिशेब इथेच येतो. अमेरिकेत बॉलपेन बाजारात आले ऑक्टोबर १९४५ मध्ये, न्यूयॉर्कच्या गिम्बेल्स दुकानात. म्हणजे गेहरिगची बॉलपेनची सही पाहताक्षणी बाद. पण १९०९ च्या कार्डावर कॉबची बॉलपेनची सही दिसली तर घाईने फेकू नका. म्हाताऱ्या कॉबने ती पन्नास वर्षांनी केली असू शकते. कार्डाला घडी असेल तर भिंगातून जरूर पाहावी. घडी आधी आणि सही नंतर असेल, तर शाई तुटलेल्या तंतूंत पाझरलेली दिसते. सही आधीची असेल, तर कागदाबरोबर रेघही फुटते. अतिनील दिव्याखाली जुना पुठ्ठा मंद राहतो, युद्धानंतरचे बरेच कागद निळसर चमकतात. पण या दिव्याने पारख होते ती पुठ्ठ्याची. खऱ्या जुन्या कार्डावर काल केलेली खोटी सही त्या दिव्याला कशी कळणार?

आणि बनावट करणारे काही मूर्ख नसतात. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' चालवले. बुलपेन म्हणजे गोलंदाज अंग मोकळे करतात ती मैदानावरची जागा. नावात पेन आहेच. सॅन डिएगोचा प्रसिद्ध फलंदाज टोनी ग्विन याला आपल्याच नावाच्या खोट्या सह्या विक्रीला आढळल्या होत्या. ऑक्टोबर १९९९ मध्ये छापे पडले. ग्रेग मारिनो हा त्या टोळीचा मुख्य सहीबहाद्दर. रूथ, मँटल, जे मागाल ते. चेंडू जुने दिसावेत म्हणून त्यांना शेलॅक लावले जाई. सापडलेल्या मालात मदर तेरेसांच्या सहीचा बेसबॉलही होता! असल्या मालाबरोबर खरेपणाची प्रमाणपत्रेही बिनदिक्कत दिली जात.

मला त्या टोळीने बुडवलेल्या पैशापेक्षा दुसऱ्या गोष्टीची काळजी वाटते. नवी सही तपासायची ती जुन्या, खऱ्या मानलेल्या सह्यांशी ताडून. त्या नमुन्यांतच एक खोटी शिरली, तर पुढे तिच्यासारख्या सगळ्या खोट्या पास होतात आणि एखाद्या नातवाने आजोबांच्या पेटीतून आणलेली खरी नापास. ही भीती पोकळ नाही. कूपर्सटाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेमकडे कॉबच्या नावाची १९४६ ची डायरी होती. एफबीआयच्या तपासणीत ती बनावट ठरली.

तज्ज्ञाचे प्रमाणपत्र हे शेवटी मत असते. आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्यातही हस्ताक्षरतज्ज्ञाचे म्हणणे 'मत' म्हणूनच येत होते. लीगने २००१ पासून साक्षीदारासमोर सही आणि क्रमांकाचा होलोग्राम अशी पद्धत आणली. ती आजच्या खेळाडूंसाठी ठीक, पण मेलेल्यांना त्याचा काय उपयोग? त्यांच्यासाठी दोनच भरवशाचे आधार: मृत्युपत्र, गहाणखत यांसारखे सरकारदरबारी राहिलेले कागद आणि वस्तू हातोहात कशी आली याचा माग.

जॅक्सनची सही असलेले एक छायाचित्र आहे. १९११ च्या वसंतात लुइझियानातल्या अलेक्झांड्रियाला संघाचा सराव चालू असताना क्लीव्हलंडच्या वृत्तपत्राचा छायाचित्रकार फ्रँक स्मिथ याने ते टिपले. सही आहे, आणि फोटो कोणी, कुठे, कधी काढला हेही पक्के ठाऊक आहे. २०१५ मध्ये ते १,७९,२५० डॉलरला गेले. २०२१ मध्ये पुन्हा लिलावात आले, तेव्हा बोली थांबली १४ लाख ७० हजारांवर.