भूगोल नसलेला मतदारसंघ

मतदारसंघ म्हटला की सीमा आल्या, गावे आली, लोकसंख्या आली. आपल्या देशात एक विधानसभा मतदारसंघ मात्र असा आहे की, ज्याला नकाशावर जागाच नाही. तो म्हणजे सिक्कीमचा ‘संघ’ मतदारसंघ. तेथे मतदार आणि उमेदवार दोघेही बौद्ध मठांतील भिक्षू किंवा भिक्षुणीच असावे लागतात.

याचे मूळ सिक्कीमच्या लोकसंख्येच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नेपाळी भाषकांची वस्ती वाढत गेली आणि भुतिया व लेपचा हे जुने रहिवासी अल्पसंख्य झाले. १९५३ साली चोग्याल राजवटीने राज्य परिषदेत दोन्ही बाजूंना प्रत्येकी सहा जागा दिल्या. लोकसंख्या विषम आणि जागा मात्र समान! १९५८ मध्ये त्यात मठांसाठी एका जागेची भर पडली. १९७५ साली ३६ व्या घटनादुरुस्तीने सिक्कीम भारताचे राज्य झाले, तेव्हा कलम ३७१फ अन्वये विविध समाजघटकांच्या हितरक्षणासाठी विधानसभेत जागा ठेवण्याचा अधिकार संसदेला मिळाला. १९८० च्या कायद्याने ३२ पैकी १२ जागा भुतिया-लेपचांना, २ अनुसूचित जातींना आणि १ संघाला दिली.

येथे मराठी वाचकाला १९३२ चा पुणे करार आठवावा. जागा राखीव, पण मतदार संयुक्त, हे त्याचे सूत्र. भुतिया-लेपचांच्या बारा जागा याच सूत्रावर आहेत, कारण तेथे सर्वच मतदार मत देतात. संघाची जागा मात्र स्वतंत्र मतदारसंघाची आहे, आणि धर्माच्या आधारे स्वतंत्र मतदारयादी तर कलम ३२५ ला मान्य नाही. १९९३ साली आर. सी. पौडियाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ही व्यवस्था वैध ठरवली. सिक्कीमच्या सार्वजनिक जीवनात मठांचे स्थान केवळ धार्मिक नव्हते, हा इतिहास त्यामागे होता. मतभेद नोंदवणाऱ्यांत खुद्द सरन्यायाधीश ल. मो. शर्मा होते.

प्रातिनिधिकता निव्वळ गणिताने ठरत नाही, हे मला मान्य आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सिक्कीमची लोकसंख्या ६,१०,५७७ होती. संघाची जागा वगळता एका आमदारामागे वीस हजारांहूनही कमी माणसे येतात. महाराष्ट्रात हाच आकडा सुमारे ३ लाख ९० हजार आहे. लहान समाजाचा आवाज बुडू नये म्हणून हे अंतर आपण स्वीकारतो.

परंतु इतिहासाचा आधार घेतल्यावर इतिहास कोणत्या वर्षी थांबवायचा, हा प्रश्न उरतोच. संघाच्या यादीत येण्यास भिक्षूचा मठ एप्रिल १९७४ च्या निवडणुकीसाठी मान्यता मिळालेला असावा लागतो. दुसरीकडे लिंबू आणि तमांग समाजांना २००३ साली अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. तरीही २०२४ ची विधानसभा निवडणूक झाली ती त्यांच्यासाठी एकही राखीव जागा नसतानाच. भुतिया-लेपचांना दिलेला शब्द मोडू नये आणि नव्यांना न्यायही नाकारू नये, ही तारेवरची कसरत आहे.

प्रशासनात वावरताना मला एक गोष्ट जाणवत आली आहे : तडजोड ज्या दिवशी होते त्या दिवशी ती न्याय्य असू शकते, पण तिचा फेरविचार कधी व्हावा हे लिहून ठेवले नाही, तर तीच पुढच्या पिढीची तक्रार बनते.