मंगळावरचे कालवे
आकाशातल्या एखाद्या ग्रहावर आपल्यासारखी वस्ती असेल काय, हा प्रश्न फार जुना. पण ‘आहे’ असे छातीठोकपणे सांगून त्यापायी पदरच्या पैशाने वेधशाळा उभारणारा गृहस्थ पर्सिव्हल लॉवेलवाचून दुसरा मला ठाऊक नाही.

प्रकरण सुरू झाले एका शब्दावरून. १८७७ साली मंगळ पृथ्वीजवळ आला असता मिलानच्या शियापारेल्लीने त्याचा नकाशा काढला आणि त्यावरील बारीक रेघांना ‘कनाली’ म्हटले. इटालियन भाषेत नैसर्गिक चरालाही हा शब्द चालतो. इंग्रजीत त्याचा कालवा झाला. सुएझचा कालवा खुला होऊन तेव्हा आठच वर्षे झाली होती. कालवा म्हटला की खणणारा आलाच!

बोस्टनच्या या धनिकाने १८९४ साली ॲरिझोनात, फ्लॅगस्टाफ येथे दुर्बीण रोवली. मंगळ वाळत चालला आहे, आणि ध्रुवावरचे बर्फ वितळले की ते पाणी तिथले शहाणे लोक कालव्यांनी खाली नेतात, असे त्याचे म्हणणे. पाण्यासाठी अवघा ग्रह एक झालेला! लोकांना हे इतके पटले की १९०० साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने परग्रहाशी संपर्क साधणाऱ्यास एक लाख फ्रँकांचे बक्षीस लावले, त्यातून मंगळ वगळला. कारण? ते काम फारच सोपे!

ग्रिनिचच्या मौंडरने १९०३ साली जे केले ते मला या साऱ्या वादात सर्वांत शहाणपणाचे वाटते. त्याने शाळकरी मुलांपुढे मंगळाचे चित्र टांगले व पाहून उतरवायला सांगितले. चित्रात कालवे नव्हतेच, नुसते ठिपके आणि डाग होते. तरी काही अंतरावर बसलेल्या कित्येक मुलांनी सरळ रेघा ओढल्या! तुटक ठिपके डोळा आपणच जोडून घेतो.

१९०९ साली आंतोनियादीला म्यूदाँच्या मोठ्या दुर्बिणीतून रेघांच्या जागी वेडेवाकडे डागच दिसले. लॉवेल मात्र १९१६ साली मरेपर्यंत हटला नाही. मला त्याला लबाड म्हणवत नाही. रात्रीमागून रात्र जागून जे दिसले तेच त्याने काढले. १९६५ साली मॅरिनर-४ यानाने मंगळाची बावीस छायाचित्रे पाठवली. त्यांत होती ती विवरे आणि उजाड माळ.

त्याच वेधशाळेत १९३० साली प्लूटो सापडला. लॉवेलची समाधीही तेथेच, दुर्बिणीच्या घुमटाशेजारी आहे. टेकडीचे नाव मार्स हिल.