काचेच्या पेटींतील रुग्ण

आपल्या जुन्या वैद्यकांत जनावरांचा विचार झाला नव्हता असें नाहीं. घोड्यांसाठीं शालिहोत्राचें शास्त्र आहे, हत्तींसाठीं पालकाप्याचें आहे. मासा मात्र कल्याणीच्या चालुक्यराजानें, तिसऱ्या सोमेश्वरानें, बाराव्या शतकांत रचलेल्या ‘मानसोल्लासां’त येतो तो ‘मत्स्यविनोदां’त, म्हणजे गळ टाकून त्याला धरण्याच्या प्रकरणांत. यांत आश्चर्य कांहींच नाहीं. नदींतला मासा आजारी पडला तर तो कोणाला दिसणार? त्याचें दुखणें माणसाच्या डोळ्यांपुढें यावयास आधीं मध्यें काच यावी लागली.

ती काच एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनमध्यें आली. मासे, पाणवनस्पति आणि गोगलगायी एकत्र ठेवल्यास पाणी दीर्घकाळ निर्मळ राहतें, असें रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं दाखविलें. १८५३ त तेथील प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें, आणि पुढच्याच वर्षीं फिलिप गॉस यांच्या पुस्तकानें ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघर नेला. आज मला ज्याच्याविषयीं बोलावयाचें आहे तो एंजल मासा मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यांतला. ताटलीसारखा चपटा, वरखालीं लांब परांचा. त्याचें शास्त्रीय वर्णन १८२३ त झालें होतें. पण जिवंत एंजल युरोपांतील घरांत पोंचावयास विसावें शतक उजाडावें लागलें.

मुंबईला या छंदाची गोडी लावण्यांत माझ्या मतें तारापोरवाला मत्स्यालयाचा वांटा मोठा आहे. आम्हां कांदिवलीकरांना त्याचा एक निराळाच अभिमान वाटतो. बॅकबेचा समुद्र हटविण्याचें जें प्रचंड काम १९२० नंतर चाललें, त्यासाठीं कांदिवलीच्या खाणींतला दगड आगगाडीनें जात असे. त्या भरावाच्या कडेनें मरीन ड्राइव्ह झाला, आणि त्याच रस्त्यावर १९५१ त राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें मत्स्यालय उघडलें. इकडून दगड गेले आणि तिकडून मासे आले, असें आम्ही गमतीनें म्हणतों.

माझ्या घरींहि असेंच एंजलचें एक जोडपें आलें. जानेवारींतील एका थंड आठवड्यानंतर त्यांतला नर काळवंडला, कोंपऱ्यांत तोंड करून उभा राहूं लागला, दाणा तोंडांत घेऊन पुन्हा थुंकूं लागला. जवळच्या एका दुकानदारानें निळ्या औषधाची बाटली दिली. मीं तें तीन दिवस ओतलें. पांचव्या दिवशीं नर गेला. आणि आठव्या दिवशीं, जिला कांहींच झालें नव्हतें, ती मादीहि गेली. नराचें एक वेळ मी समजूं शकलों असतों. मादीचें शल्य मात्र राहिलें, आणि त्यापायीं मला या औषधांचा इतिहास चाळावा लागला.

त्या इतिहासांत १८७६ हें साल मोठें मौजेचें आहे. त्या वर्षीं फ्रान्समध्यें फूके यानें माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठविणाऱ्या सूक्ष्म जीवाचें वर्णन केलें. आणि त्याच वर्षीं जर्मनींत हाइन्रिश कारो यानें मेथिलीन ब्लू हा निळा रंग तयार केला. कापडासाठीं निघालेला हा रंग १८९१ त पॉल एर्लिख यानें हिंवतापाच्या रोग्यांना देऊन पाहिला, आणि पुढें तो माशांच्या टाकींतहि शिरला. माझ्या बाटलींत होता तो हाच.

ठिपक्यांचा रोग ओळखणें सोपें आहे. माशाच्या अंगावर कोणीं मीठ भुरभुरलें असावें असें दिसतें. चूक होते ती उपचारांत. ठिपक्यांतला जीव कातडीखालीं किल्ला करून बसलेला असतो, औषध तेथवर पोंचत नाहीं. पोट भरलें कीं तो बाहेर पडतो, तळाशीं चिकटतो, एकाचे शेंकडों होतात, आणि हीं पिल्लें नवा मासा शोधीत पोहूं लागतात. एकदोन दिवसांत मासा न मिळाल्यास तीं मरतात. औषध लागू पडतें तें एवढ्याच अवधींत. म्हणून ठिपके मावळतांच औषध बंद करणारा मनुष्य नेमका फसतो. शत्रु त्या वेळीं किल्ल्यांतून उतरून तळाशीं फौज जमवीत असतो. पाणी हळूहळू तीस अंशांपर्यंत ऊन केलें तर हें चक्र लौकर फिरतें, आणि एंजलला तेवढी ऊब सोसते. ऊन पाण्यांत प्राणवायु कमी मुरतो, यासाठीं हवेचा पंप मात्र जोरांत चालूं द्यावा.

पण, श्रोतेहो, माझ्या नराच्या अंगावर ठिपका एकहि नव्हता! त्याची विष्ठा पांढऱ्या दोऱ्यासारखी लोंबत होती. ती मीं पाहिली होती. तिचा अर्थ मला ठाऊक नव्हता. एंजलच्या आंतड्यांत चाबकासारख्या शेपट्यांनीं पोहणारा एक जीव असतो. त्याला स्पायरोन्यूक्लिअस व्हॉर्टेन्स हें नांव १९९५ त मिळालें, आणि तेंहि एंजल माशांतल्याच नमुन्यांवरून. धडधाकट माशांतहि तो थोडाफार सांपडतो. थंडी, गर्दी किंवा घाण पाणी यांनीं मासा खचला कीं त्याचें फावतें. पांढरी विष्ठा नुसत्या उपासानेंहि होते, तेव्हां खात्री करावयाची तर ती ताजी असतांनाच सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावी लागते. रोग तोच ठरला तर माणसांच्या आमांशावर देतात तें मेट्रोनिडॅझोल उपयोगी पडतें. मासा खात आहे तोंवर तें खाद्यांतून द्यावें, कारण दुखणें पोटांत आहे. बाहेर पाणी निळें करून तेथें काय होणार?

आतां मादीचें. माशाच्या अंगांतून सतत अमोनिया पाण्यांत उतरत असतो, आणि तो कल्ल्यांना जाळतो. गाळणीच्या स्पंजांत राहणारे जंतु त्याचें रूपांतर करून तो निरुपद्रवी करीत असतात. अशा जंतूंचा शोध सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास लावला. मेथिलीन ब्लू या जंतूंनाहि जगूं देत नाहीं. मीं ओतलेल्या औषधानें नराच्या पोटांतल्या जीवाला धक्काहि लागला नाहीं. टाकीची गाळणी मात्र मेली, आणि अमोनियानें मादीला मारलें. औषध द्यावयाचेंच होतें तर आजारी माशाला निराळ्या भांड्यांत काढून द्यावयास हवें होतें, आणि त्याच्याहि आधीं पाण्यांतला अमोनिया मोजावयास हवा होता. त्याला चार थेंबांची चांचणी पुरते. तो वाढलेला निघाला, तर चतुर्थांश पाणी बदलणें हाच पहिला उपचार. नळाच्या पाण्यांतल्या क्लोरीनचा बंदोबस्त फोटोग्राफर वापरतात त्या हायपोच्या चिमटीनें होतो.

१९६१ त स्थापन झालेली केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था वर्सोव्याला आहे आणि माशांचे रोग हा तेथील अभ्यासाचा विषय आहे. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालीं माशाची विष्ठा पाहणारे लोक आमच्यापासून चार-सहा स्टेशनांवरच होते. मला तें त्या आठवड्यांत सुचलें नाहीं.

हल्लीं कुर्ल्याच्या बाजारांतून नवे मासे आणले कीं तीन आठवडे ते वेगळ्या टाकींत राहतात, आणि शेजारीं एक वही असते. कोण खाल्लें, कोण कोपऱ्यांत उभें राहिलें, पाण्याची ऊब किती, अमोनिया किती, हें रोज तींत उतरतें. सध्यां तेथें चार लहान एंजल आहेत. त्यांतल्या एकाची विष्ठा काल पांढरी दिसली. आज सकाळीं अमोनिया शून्य होता, आणि त्यानें दाणा गिळला, थुंकला नाहीं. औषधाला मीं अजून हात लावलेला नाहीं. उद्यां पुन्हा पाहीन.