'हूज'चे गोत्र

संस्कृत रूपावली ज्याने घोकली आहे त्याला 'किम्'ची षष्ठी पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी एकच, 'कस्य', हे मुखोद्गत असते. परंतु इंग्रजीतील 'हूज' हे त्याच 'कस्य'चे सगोत्र असून त्याचे प्राचीन रूप 'ह्वॅस' हेही 'कोण' आणि 'काय' या दोहोंची सामाईक षष्ठी होते, हे एकदा ध्यानी आले की 'हूज केवळ माणसांसाठी' हा शालेय दंडक निराधार वाटू लागतो. मूळच्या 'क'चा जर्मानिक शाखेत 'ह' झाला, हे सर्वश्रुतच आहे.

खरा वाद पुढचा आहे. आपल्याकडे प्रश्नाचे 'कोणाचा' आणि संबंधाचे 'ज्याचा' यांची दफ्तरे प्रथमपासून निराळी. मग इंग्रजीत प्रश्नार्थक सर्वनाम संबंधाच्या गादीवर बसले कसे? एक पक्ष म्हणतो, लॅटिनचे 'कुयुस' दोन्ही कामे करीत असे, तीच लकब भाषांतरकारांनी उचलली. हे मत सर्वस्वी त्याज्य नव्हे. परंतु 'जो कोणी' या अर्थाची 'स्वा ह्वा स्वा' ही रचना प्राचीन इंग्रजीत होतीच. यावर प्रतिपक्ष विचारील की, सामग्री घरचीच होती तर कर्त्याचे 'हू' आधी का रुळले नाही, 'हूज' आणि 'हूम' यांच्या मागाहून का आले? माझ्या मते उत्तर याच क्रमात आहे. जुने संबंधी अव्यय 'थे' आणि त्याची जागा घेणारे 'दॅट' ही दोन्ही विभक्तिहीन. कर्त्याचे काम ती निभावीत, षष्ठीचे मात्र निभावेना, आणि 'जो की त्याचा मुलगा' अशा ओबडधोबड जोडणीवर भागवावे लागे. जेथे उणीव होती तेथेच घरची सामग्री आणि परकी लकब यांचा मेळ बसला.

पुढे, शतकांची वहिवाट डोळ्यांसमोर असताना, रॉबर्ट लौथ या व्याकरणकाराने १७६२ साली ड्रायडन आणि ॲडिसन यांच्या वाक्यांवर बोट ठेवून वस्तुवाचक 'हूज' अयोग्य ठरवले. वास्तविक मिल्टनच्या १६६७च्या महाकाव्यात दुसऱ्याच ओळीत ते निषिद्ध वृक्षाच्या फळासाठी योजलेले आहे. १९२६ साली फाउलरने ही मनाई उठवण्याचा आग्रह धरला, तो सर्वथा रास्त होय.

तेव्हा 'ज्याचे छप्पर गळते ते घर' इंग्रजीत लिहिताना 'ऑफ व्हिच'चे लचांड गळ्यात घेण्याचे कारण नाही. जपावे ते एवढेच की या षष्ठीत ॲपॉस्ट्रॉफी नसते, कारण ती घातली की तो 'हू इज'चा संक्षेप होतो आणि घराचे छप्पर वाक्यातूनच नाहीसे होते.