अब्बांचा संगणक आणि १९८१ साल

अब्बांची अट एकच होती: संगणक पेन्शनच्या पैशांत बसावा आणि दहा वर्षं टिकावा.

टिकाऊपणाचं उत्तर इतिहासात आहे. १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी इतर कंपन्यांच्या सुट्या भागांतून जुळवला आणि त्याची बरीचशी तांत्रिक माहिती खुली ठेवली. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हा नमुना आणला. मदरबोर्डचं माप, स्क्रूंच्या जागा, पॉवर सप्लायची जोडणी हे सगळं ठरून गेलं. म्हणून आजही जो भाग बिघडतो तेवढाच बदलता येतो.

मीही तसेच भाग निवडले. ग्राफिक्स आतच असलेला साधा प्रोसेसर, आठ जीबी रॅम, दुसऱ्या रॅमसाठी रिकामी जागा आणि एसएसडी. काटकसर केली ती वेगात. पॉवर सप्लाय मात्र चांगलाच घेतला. स्वस्तातला जळाला, तर मदरबोर्डलाही घेऊन जाऊ शकतो.

त्याच १९८१ साली नूरी नस्तालीक हा संगणकीय टंक आला. तोवर उर्दू वर्तमानपत्रं कातिब हाताने लिहीत. पडद्यावर अम्मींचं नाव नस्तालीकमध्ये उमटलं, तेव्हा अब्बा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “कातिबाचा हात आहे रे यात.”