काखेतला घाम आणि जातीचे नाक

"त्यांच्या अंगाला वास येतो."

हे वाक्य आपल्यापैकी अनेकांच्या कानावर पडलेले आहे. वसतिगृहात, लोकलच्या डब्यात, खोली भाड्याने मागताना. कधी ते तोंडावर बोलले जाते, कधी नुसता नाकाला रुमाल लावला जातो. उघडपणे जात विचारणे जिथे अडचणीचे झाले, तिथे ती हुंगायला सुरुवात झाली. म्हणून या वासाचा इतिहास आपल्या मुलामुलींना ठाऊक असला पाहिजे. ज्याला इतिहास माहीत नाही, तो हा टोमणा ऐकून मान खाली घालतो.

घाम सगळ्यांचा सारखाच

आधी विज्ञान बघू. आपल्या त्वचेत घामाच्या दोन प्रकारच्या ग्रंथी असतात. एक प्रकार जवळजवळ सर्व अंगभर असतो. त्यातून पाणी आणि क्षार बाहेर येतात आणि शरीर थंड राहते. दुसरा प्रकार मुख्यतः काखेत आणि जांघेत असतो व वयात आल्यावर कामाला लागतो. त्याचा स्राव थोडा दाट असतो, पण बाहेर येताना त्यालाही फारसा वास नसतो. काखेतल्या त्वचेवर राहणारे जिवाणू त्या स्रावाचे विघटन करतात, तेव्हा वास तयार होतो. चीन, कोरिया, जपानकडच्या बहुसंख्य लोकांत एका जनुकातील फरकामुळे हा वास अगदी कमी असतो. बाकी जगात राजा असो की रंक, पुरोहित असो की सफाई कामगार, काखेतली यंत्रणा हीच. तिला वर्ण कळत नाही.

मग वास "त्यांचा" कसा झाला?

गुलामांच्या मालकाचे नाक

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारे थॉमस जेफरसन यांनी १७८० च्या दशकात व्हर्जिनिया राज्यावर एक पुस्तक लिहिले. काळ्या माणसांच्या त्वचेतून जास्त स्राव होतो आणि म्हणून त्यांना उग्र दुर्गंधी येते, असे त्यांनी त्यात शास्त्र सांगितल्याच्या थाटात मांडले. "सर्व माणसे समान" असे लिहिणारे हे गृहस्थ आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलामांचे मालक होते. याच जेफरसन यांना सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीपासून मुले झाली, असे आज बहुतेक इतिहासकार मानतात. म्हणजे शेतात राबणाऱ्याचा वास सिद्धांतात खुपत होता, घरात खुपत नव्हता!

इंग्लंडमध्ये हेच वर्गाच्या बाबतीत घडले. जॉर्ज ऑरवेल यांनी १९३७ च्या 'द रोड टू विगन पिअर' या पुस्तकात कबूल केले आहे की, खालच्या वर्गाला वास येतो ही समजूत आपल्यासारख्या घरांतल्या मुलांच्या मनात लहानपणीच रुजवली जाई. समानतेचा विचार बुद्धीने पटला तरी ही किळस सहज जात नाही, हे त्यांचे निरीक्षण महत्त्वाचे आहे. मत वादविवादाने बदलता येते, किळस मात्र अंगात मुरलेली असते. जातव्यवस्थेने ही युक्ती फार आधी हेरली होती.

कोरेगावच्या वाटेवरचा पुरावा

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात १९०१ च्या सुमारासचा प्रसंग सांगितला आहे. ते आणि घरातली इतर मुले वडिलांना भेटायला साताऱ्याहून कोरेगावला निघाली. मुले नटूनथटून निघाली होती. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे. मसूर स्टेशनवर उतरल्यावर स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागला. त्याला ती ब्राह्मणाची मुले वाटली. मुलांनी "आम्ही महार" असे सांगितले आणि क्षणात त्याचा चेहरा बदलला, तो मागे सरकला.

इथे थांबून विचार करा. मुले तीच होती. कपडे तेच होते. अंगाचा जो काही वास असेल तो एक मिनिटापूर्वीही तोच होता. बदलली ती फक्त माहिती. आधी जात कळते, मग किळस येते आणि सगळ्यात शेवटी तिला "वास" हे कारण चिकटवले जाते.

त्याच लेखनात शाळेतल्या पाण्याचीही हकीकत आहे. नळाला हात लावायची मुभा नाही, शिपायाने नळ उघडला तरच पाणी. मनुस्मृतीचा दहावा अध्याय चांडाळांना गावाबाहेर राहायला आणि प्रेतावरची वस्त्रे वापरायला सांगतो. पाणी तोडायचे, कपडा हिसकावायचा, मेलेली ढोरे ओढायला लावायची आणि मग म्हणायचे, हे लोक घाणेरडे. आधी घाण लादली, नंतर तिलाच जन्माचा गुण ठरवले.

पंचगव्याचे १०८ घडे

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब हजारो अनुयायांसह गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर सवर्णांनी तळे "शुद्ध" केले. कशाने? शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे १०८ घडे ओतून. ज्या तळ्यात जनावरे पाणी पीत होती, ते माणसाच्या ओंजळीने बाटले आणि शेणामुताने शुद्ध झाले. शुद्धी-अशुद्धीचा स्वच्छतेशी, जंतूंशी किंवा वासाशी काडीचाही संबंध नाही, याचा याहून मोठा पुरावा कुठला हवा? पुढे दहा वर्षे खटला चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला.

काही जण विचारतात, मग बाबासाहेबांनीच आपल्या लोकांना स्वच्छ राहायला का सांगितले? डिसेंबर १९२७ मध्ये महाडलाच त्यांनी स्त्रियांना पेहराव आणि स्वच्छता यांविषयी उपदेश केला, हे खरे आहे. पण क्रम लक्षात घ्या. "आधी स्वच्छ व्हा, मग हक्क मागा" असे ते म्हणाले नाहीत. ते आधी तळ्यावर गेले. हक्कासाठी स्वच्छतेची अट त्यांनी कधी मान्य केली नाही. स्वच्छता त्यांनी मागितली ती स्वाभिमानासाठी, गुलामीच्या खुणा अंगावरून उतरवण्यासाठी. उपकारकर्त्याचा उपदेश आणि मुक्तिदात्याचा उपदेश यांत हाच फरक आहे.

लाज विकणारा बाजार

आता दुसरा सापळा. १९१२ च्या सुमारास अमेरिकेत एडना मर्फी ही तरुणी 'ओडोरोनो' नावाचे घाम रोखणारे औषध विकत होती. ते मुळात तिच्या डॉक्टर वडिलांनी शस्त्रक्रियेच्या वेळी हात घामेजू नयेत म्हणून बनवले होते. १९१९ मध्ये जाहिरातदार जेम्स यंग यांनी एका महिला मासिकात जाहिरात दिली. तिचा मथितार्थ असा की, तुमच्या काखेला वास येतो, तुम्हाला कळत नाही आणि लोक पाठीमागे बोलतात. सुमारे दोनशे वाचकांनी संतापून मासिक बंद केले. पण विक्री वर्षभरात ११२ टक्क्यांनी वाढली. पुढे साबणाच्या जाहिरातींनीही तोच सूर पकडला.

आजही स्प्रेच्या बाटलीबरोबर आधी लाज विकली जाते. ज्यांच्यावर पिढ्यान्पिढ्या लाज लादली गेली, ते या बाजाराचे सर्वांत सोपे गिऱ्हाईक ठरतात.

मग करायचे काय?

शरीराची काळजी घ्यायची, लाज मात्र घ्यायची नाही. रोज काख साबणाने धुऊन नीट कोरडी करा. सुती कपडे वापरा, घामेजलेला सदरा दुसऱ्या दिवशी घालू नका. तुरटी स्वस्त आहे आणि अनेकांना उपयोगी पडते. दाढी केल्यावर लगेच उग्र स्प्रे मारू नका. लिंबू किंवा खाण्याचा सोडा काखेत चोळू नका, त्वचा भाजते. काखमांजरी पुन्हा पुन्हा होत असेल तर तो आजार आहे, घाणेरडेपणा नव्हे, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. काख आणि मान काळी, मखमली होत असेल तर गोरेपणाची मलमे घेऊ नका, रक्तातली साखर तपासा.

आणि ज्या वस्तीत नळाला दिवसाआड पाणी येते, तिथे डिओडरंटच्या चर्चेआधी नगरपालिकेत मोर्चा न्या. गटारात उतरवल्या जाणाऱ्या आपल्या बांधवांच्या अंगाला जो वास येतो, तो त्यांचा नाही, साऱ्या शहराचा आहे. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला काढण्यास बंदी घातली, तरी माणसे गटारात मरतात. त्या वासाचा जाब शहराने द्यायचा आहे.

पुढच्या वेळी कुणी नाक मुरडले, तर त्याला महाडचे १०८ घडे आठवून द्या.

जय भीम!